रियुनियन : दख्खनच्या कातळाचे समुद्रातील टोक

हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेस असलेले रियुनियन हे सुमारे २,५०० चौरस किलोमीटरचे बेट १९४६ पासून फ्रान्सचा प्रशासकीय विभाग आहे. शेजारच्या मॉरिशसची ख्याती तेथील पुळणींमुळे झाली, तर रियुनियनची डोंगरांमुळे. आणि या डोंगरांचे मूळ महाराष्ट्राच्या भूमीशी निगडित आहे. पृथ्वीच्या कवचाखालील प्रावरण या थरातून अतितप्त द्रव्य दीर्घकाळ एकाच जागी वर येत राहते, त्या जागेला तप्तस्थळ म्हणतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी अशा तप्तस्थळावरून भारतीय भूपट्ट सरकत असताना लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार घडले, आणि भूपट्ट पुढे सरकत गेले तसतशी त्याच तप्तस्थळातून लक्षद्वीप, मालदीव व छागोस यांना पायाभूत असलेली सागरी पर्वतरांग, त्यानंतर मॉरिशस व शेवटी रियुनियन यांची निर्मिती झाली, असे बहुसंख्य भूशास्त्रज्ञ मानतात. दख्खनमध्ये केव्हाच थांबलेली ही प्रक्रिया रियुनियनमध्ये अद्याप चालू असल्याने तेथील प्रेक्षणीय स्थळांकडे तिचे टप्पे म्हणून पाहणे उचित ठरते.

पहिला टप्पा घडणीचा आहे. आग्नेयेकडील पितों द ला फुर्नेज हा २,६३२ मीटर उंचीचा ज्वालामुखी जगातील अत्यंत सक्रिय ज्वालामुखींत गणला जातो. लालसर राखेचे प्लेन दे साब्ल हे ओसाड मैदान ओलांडून पा द बेलकोंब येथील कड्यावर पोहोचले की समोर कॅल्डेरा, म्हणजे ज्वालामुखीचा माथा खचून तयार झालेले विस्तीर्ण कुंड, पसरलेला दिसतो. कड्यातील पायऱ्या उतरून तळाशी गेल्यावर १७५३ मध्ये तयार झालेला फोर्मिका लेओ हा तांबूस रंगाचा छोटा शंकू लागतो, आणि तेथून पुढची वाट कातळावर रंगवलेल्या पांढऱ्या ठिपक्यांच्या आधारे शोधावी लागते. पायाखालचा लाव्हा कोठे दोरखंडाच्या वेटोळ्यांसारखा गोठलेला, तर कोठे धारदार खडकांच्या ढिगासारखा विखुरलेला असतो. एप्रिल २००७ च्या उद्रेकात शिखरावरील दोलोमिये विवराचा तळ ३०० मीटरहून अधिक खचला आणि समुद्रापर्यंत पोहोचलेल्या लाव्ह्याने बेटाच्या भूमीत भर घातली.

पूर्व किनाऱ्यावरचा रस्ता अशा अनेक प्रवाहांना छेदत जातो. त्याच वाटेवरील पितों-सँत-रोझ या गावात १९७७ मध्ये लाव्ह्याने घरे गिळली. मात्र चर्चच्या दाराशी येऊन प्रवाह दुभंगला आणि वास्तू बचावली. हे चर्च आता लाव्ह्याची माता या अर्थाच्या नावाने ओळखले जाते. १९७७ च्या या उद्रेकानंतरच ज्वालामुखीवर कायमची देखरेख ठेवणारी वेधशाळा उभारण्यात आली.

दुसरा टप्पा झिजेचा आहे. बेटाच्या मध्यभागी पितों दे नेज हा ३,०७० मीटर उंचीचा ज्वालामुखी हजारो वर्षांपासून शांत असून, भूस्खलन व मुसळधार पावसामुळे त्याच्या भोवती माफात, सिलाओस आणि सालाझी ही तीन सिर्क, म्हणजे उभ्या कड्यांनी वेढलेली प्रचंड खोरी, कोरली गेली आहेत. पावसाचा जोर कळण्यासाठी एवढे सांगणे पुरेसे आहे, की जानेवारी १९६६ मध्ये फोक-फोक येथे २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस झाला आणि तो जागतिक उच्चांक ठरला. सिलाओसची वाट सुमारे ४०० वळणांची आहे व तेथील मसूर प्रसिद्ध आहे. सालाझीतील एल-बूर हे गाव क्रेओल धाटणीच्या लाकडी घरांसाठी ओळखले जाते. माफातमध्ये मात्र मोटाररस्ता नाही. मळ्यांतून पळालेल्या गुलामांनी १८४८ च्या गुलामगिरीबंदीपूर्वी येथे आश्रय घेतला होता, आणि आजही येथील वाड्या-वस्त्यांवर पायी वा हेलिकॉप्टरनेच जाता येते. २०१० मध्ये ही शिखरे, खोरी व कडे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. बेटाचा सुमारे ४० टक्के भाग त्यात येतो.

मे ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम सहलीस अनुकूल असतो. सकाळ सरता सरता ढग चढून दऱ्या झाकल्या जात असल्याने माइदो या कड्यावरून माफात पाहायचे असल्यास पहाटेच निघावे, आणि उद्रेकाच्या काळात कॅल्डेरात उतरण्यास बंदी असते, हे ध्यानात ठेवून सहलीत एक-दोन दिवस हाताशी राखावेत. केवळ समुद्रस्नानासाठी जाणाऱ्यास मॉरिशस पुरेसे आहे; सह्याद्रीचा काळा कातळ कसा घडला असेल, हे ज्याला प्रत्यक्ष पाहायचे आहे, त्याने रियुनियन गाठावे.