क्रॉसबोचे कार्बन बाण : निवड कशी करावी?

क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारखा दस्ता आणि चाप असलेले आडवे धनुष्य. अमेरिकेतील बऱ्याच राज्यांत परवाना काढून, ठरलेल्या हंगामात क्रॉसबोने हरणाची शिकार करता येते. युरोपात व अन्यत्र त्यावर निशाणेबाजीच्या स्पर्धा होतात. आपले जे बांधव परदेशात खेळसाहित्याची दुकाने चालवतात, अशा दुकानांत नोकरी करतात किंवा तिकडची ऑर्डर घेतात, त्यांना या मालाची नीट माहिती हवी. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी आहे. तेव्हा शिकारीविषयी पुढे जे लिहिले आहे, ते जिथे कायदा परवानगी देतो तिथल्यापुरतेच समजावे.

गिऱ्हाईक दुकानात येते आणि विचारते, ‘सर्वांत वेगवान बाण कोणता?’ जाणत्या दुकानदाराने उलट विचारावे, ‘तुमचे धनुष्य कोणते?’ कारण बाण धनुष्याला जुळला नाही, तर महागातला बाणही धोक्याचा ठरतो.

वजन आधी, वेग नंतर

बाणाचे वजन ग्रेनमध्ये मोजतात. जुन्या औषधविक्रेत्यांना हे माप ठाऊक आहे. ४०० ग्रेन म्हणजे सुमारे २६ ग्रॅम. दांडी, टोक, टोक बसवण्याची आतली नळी, पिसे आणि मागची खाच हे सर्व मिळून बाणाचे वजन धरावे. क्रॉसबोच्या पुस्तिकेत किमान वजन दिलेले असते, त्याखाली कधीही जाऊ नये.

याचे कारण सोपे आहे. ताणलेल्या धनुष्यातील शक्ती बाण घेऊन जातो. बाण फार हलका असेल तर उरलेली शक्ती धनुष्यातच राहते आणि दोरी, पाती यांना हादरा बसतो. बाण न लावता चाप ओढण्यासारखाच हा प्रकार आहे. त्यात पाते फुटते, दोरी तुटते आणि माणूस जखमी होतो. उलट थोडा जड बाण वेगाने कमी असला तरी शक्ती चांगली नेतो, आवाज कमी करतो आणि धनुष्याचे आयुष्य वाढवतो.

लांबी आणि खाच

बाजारात २० व २२ इंची बाण अधिक चालतात. मात्र लांबी पुस्तिकेप्रमाणेच घ्यावी. बाण आखूड पडला तर शिकारीचे रुंद पाते पन्हळीवर किंवा धनुष्याच्या पुढच्या भागावर आदळू शकते.

बाणाच्या मागील टोकाला नॉक म्हणतात. तो सपाट, अर्धचंद्राकार किंवा दोरीला धरून ठेवणारा असतो. काही कंपन्यांच्या धनुष्यांना त्यांचाच खास नॉक लागतो. चुकीचा नॉक असेल तर दोरी बाणाच्या वरून किंवा खालून निसटते, म्हणजे बाण न लावता चाप ओढल्यासारखेच होते. बाण मोकळे विकताना या एका गोष्टीत सर्वांत जास्त घोटाळा होतो. तीन पिसांपैकी एक वेगळ्या रंगाचे असते, ते खाली पन्हळीत बसवायचे. अर्धचंद्राकार नॉकची खाच या पिसाशी जुळलेली आहे ना, हे पाहूनच बाण द्यावा.

सरळपणा आणि तोल

बाणाच्या खोक्यावर ०.००१, ०.००३ किंवा ०.००६ असा आकडा छापलेला असतो. दांडी किती इंचांनी वाकडी असू शकते, हे तो सांगतो. आकडा लहान तितका बाण सरळ आणि महाग. हरणाच्या शिकारीत अंतर सहसा कमी असते, तिथे ०.००३ चा बाण पुरेसा होतो. स्पर्धेसाठी मात्र सरळपणाइतकेच सर्व बाणांचे वजन सारखे असणे महत्त्वाचे. म्हणून स्पर्धकाला एकाच वजनाचे बाण निवडून जुळवून द्यावेत.

तोल पुढे हवा. बाण बोटावर तोलून पाहावा. २० इंची बाण मागून १२.५ इंचांवर तोलला, तर मध्यापासून २.५ इंच पुढे, म्हणजे १२.५ टक्के. शिकारीच्या बाणासाठी १० ते १५ टक्के योग्य समजतात. १०० ऐवजी १२५ ग्रेनचे टोक लावले की तोल पुढे सरकतो. सरावाचे टोक आणि शिकारीचे पाते एकाच वजनाचे असावे, नाहीतर साधलेला नेम बदलतो. पाते लावल्यावरही एकदा नेम तपासावाच.

तपासणी आणि कारागिरी

अ‍ॅल्युमिनियमचा बाण वाकतो आणि ते डोळ्यांना दिसते. कार्बनला आतून चीर गेली तर वरून कळतेच असे नाही. म्हणून प्रत्येक वापराआधी बाण दोन्ही टोकांना धरून, तोंडापासून दूर, हलका वाकवावा, फिरवत राहावा आणि कान द्यावा. कडकड आवाज आला, चीर किंवा तंतू दिसला, तर तो बाण तोडूनच टाकावा, म्हणजे दुसरा कोणी उचलणार नाही. चिरलेला बाण सुटताना फुटला तर कार्बनच्या सळ्या हातात घुसतात.

कारागिरांनी कार्बनची दांडी हॅक्सॉने कापू नये, तंतू फाटतात. वेगाने फिरणारे पातळ कटिंग व्हील वापरावे आणि तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा लावावा, कारण त्याची भुकटी फुप्फुसांना घातक असते. टोक चिकटवताना दांडी तापवू नये. जास्त उष्णतेने तंतूंना धरून ठेवणारे रेझीन खराब होते.

साध्या धनुर्विद्येचे लांब कार्बन बाण कापून क्रॉसबोला लावण्याचा मोह काहींना होतो. ते बाण वेगळ्या ताणासाठी, वेगळ्या जाडीचे आणि वेगळ्या नॉकचे असतात. तो व्यवहार साफ नाकारावा. गिऱ्हाईक परत जाईल, पण त्याचा हात शाबूत राहील आणि दुकानाचे नावही.