आराम करणे आणि आराम पडणे

'आराम' हा शब्द उर्दूत आणि मराठीत सारखाच चालतो आणि दोन्ही भाषांत त्याचे दोन अर्थ आहेत. विश्रांती म्हणजे आराम आणि दुखण्यातून बरे वाटणे म्हणजेही आराम. 'आराम करा' म्हणतो तोच माणूस चार दिवसांनी 'आराम पडला का?' असे विचारतो. शब्द एकच असल्याने आपण धरून चालतो, की पहिले केले की दुसरे आपोआप होते. साठी-सत्तरी ओलांडून नुकत्याच इस्पितळातून घरी आलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र हा हिशेब चुकतो.

ताप उतरलेला असतो, रिपोर्ट ठीक असतात, डिस्चार्जही मिळालेला असतो. तरी न्हाणीघरापर्यंत जाऊन आले की धाप लागते. जिन्याच्या चार पायऱ्या डोंगर वाटतात. घरातले म्हणतात, वय झाले. पण यात वयाचा वाटा असतो तितकाच, कधी त्याहून मोठा वाटा खाटेचा असतो. २००७ मध्ये अमेरिकेत काही निरोगी ज्येष्ठांना केवळ अभ्यासासाठी दहा दिवस अंथरुणात ठेवले होते. आजार काहीच नव्हता, तरी त्यांच्या पायांचे मांस सुमारे एक किलोने घटले. जिथे आजार असतो, जेवण जात नाही आणि वॉर्डातल्या दिव्यांनी झोप मोडते, तिथे शरीर अधिकच रिकामे होते. हार्लन क्रुमहोल्झ या हृदयरोगतज्ज्ञांनी २०१३ मध्ये या अवस्थेकडे लक्ष वेधले. मूळ दुखणे बरे झाल्यावरही पुढचे काही आठवडे माणूस नाजूक असतो. तो पडू शकतो आणि वेगळ्याच कारणाने त्याला पुन्हा भरती करावे लागू शकते, असे त्यांचे म्हणणे.

दिलासा देणारी गोष्टही आहे. १९६६ मध्ये डॅलस शहरात विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवले गेले. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा दिसले की तीस वर्षांच्या वयाने त्यांची जेवढी ताकद नेली नव्हती, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी नेली होती. आणि पन्नाशीत सहा महिने बेताबेताने व्यायाम केल्यावर वयाने गेलेला दमही परत आला. म्हणजे गेलेले सगळे कायमचे गेलेले नसते.

रमजानमध्ये हा प्रश्न घरात वेगळ्या रूपात येतो. आमच्या मोहल्ल्यातल्या एक खाला न्यूमोनियातून उठल्या आणि आठवड्यात चाँद दिसला. त्यांचा हट्ट, 'रोजा धरणार.' मुलांचा हट्ट, 'अम्मी, खाटेवरून उतरायचे नाही.' दोन्हीकडे मायाच होती आणि दोन्ही गोष्टी त्यांच्या तब्येतीला मारक होत्या.

रोजाबाबत धर्माची भूमिका स्पष्ट आहे. आजारी माणसाला सवलत आहे, तिला 'रुखसत' म्हणतात. बरे झाल्यावर राहिलेले रोजे पुढे पुरे करता येतात. ज्याला बरे होण्याची आशाच नाही, त्याने दर रोजामागे एका गरजूला जेवू घालावे, त्याला 'फिदिया' म्हणतात. इस्पितळातून सुधारत असलेल्या माणसासाठी पहिला मार्ग आहे, कारण तो बरा होणार हे यात गृहीत धरलेले आहे. नमाजही उभ्याने जमत नसेल तर बसून, बसून जमत नसेल तर आडवे होऊन अदा करता येते. पण जेवढे उभे राहता येते तेवढे राहावे, हेही त्यातच आहे. जमेल तेवढे करणे आणि न जमणारे पुढे ढकलणे, ही शिस्त पायांनाही लागू पडते.

म्हणून काही साध्या गोष्टी. झोपेतून एकदम उभे राहू नये. काठावर बसून पाय जमिनीला टेकवावेत, घोटे हलवावेत, एक-दोन मिनिटांनी उठावे. आडवे असताना ठीक असलेला रक्तदाब उभे राहताच उतरतो आणि चक्कर येते. पहाटे सहेरीच्या गडबडीत हे हमखास विसरले जाते. हातांच्या खुर्चीवरून पाच वेळा उठावे-बसावे, सकाळ-संध्याकाळ. मग हळूहळू आकडा वाढवावा. एकदाच लांब चालण्यापेक्षा दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे चालावे. चालताना बोलता आले पाहिजे. अंघोळ आणि जिना लागोपाठ नकोत, मध्ये बसावे. अंघोळीला स्टूल घ्यावे. जेवण खाटेवर न देता सगळ्यांबरोबर, खुर्चीत बसवून द्यावे.

ताकद नुसत्या फळांनी आणि शरबताने येत नाही. वयस्कांना वजनाच्या दर किलोमागे रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या माणसाला साठ ते पंचाहत्तर ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात, यावरून अंदाज यावा. डाळ, दूध, दही, मासे, खिचडा, जे पचेल ते दर जेवणात थोडे असावे. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारावे. औषधांच्या वेळा आपल्या मनाने सहेरी-इफ्तारवर ढकलू नयेत. हाडाची शस्त्रक्रिया झाली असेल तर पायावर किती भार द्यायचा, हे डॉक्टरच सांगतील.

थकवा रोज थोडा कमी होत असेल तर वाट बरोबर आहे. पण छातीत दुखणे, बसल्या जागी धाप, एकाच पोटरीला सूज, शुद्ध हरपणे किंवा अचानक असंबद्ध बोलणे, यांपैकी काही दिसले तर तो थकवा समजू नये. लगेच डॉक्टर गाठावा.

दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते, असे आपण म्हणतो. त्या मुंगीला चालू तर दिले पाहिजे. खालांनी रोजे पुढे ठेवले. इफ्तारच्या आधी शेजारच्या काकू येतात आणि दोघी व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन येतात. ईदच्या नमाजाला नाही, पण ईदच्या शीरखुर्म्याला स्वतःच्या पायांनी चुलीपाशी उभे राहायचे, असे त्यांनी ठरवले आहे.

आजाऱ्याची विचारपूस करणे सगळ्याच धर्मांत पुण्याचे. या महिन्यात कुणाकडे गेलात तर 'बसा, उठू नका' म्हणण्याऐवजी निघताना हात पुढे करा आणि दारापर्यंत सोडायला चला म्हणा. पाहुण्याला निरोप देण्यालाही उर्दूत रुखसतच म्हणतात.