चाहूल लागली, दिवा लागला!

बाथरूममध्ये बसल्या बसल्या दिवा जातो आणि अंधारात दोन्ही हात हवेत हलवावे लागतात. नव्या टॉवरांपासून हायवेवरच्या फूडमॉलपर्यंत हा प्रसंग आता कुणालाच नवा नाही. दोष बसणाऱ्याचा नसतो. छतावरच्या त्या पांढऱ्या घुमटीला माणूस दिसतच नाही, तिला फक्त जागा बदलणारी उष्णता कळते. कामोठे-खारघरच्या फ्लॅटच्या जाहिरातींत 'स्मार्ट होम' असं झळकतं, तेव्हा त्यातला अर्धा स्मार्टपणा या घुमटीच्या भरवशावर असतो. म्हणून तिच्या थोड्या खोड्या माहीत असलेल्या बऱ्या.

समोरून आलात तर ओळख नाही

या सेन्सरला पीआयआर म्हणतात. आपल्या अंगातून सतत अवरक्त किरण निघत असतात, साधारण ९ ते १० मायक्रॉन तरंगलांबीचे. घुमटीच्या आत खास स्फटिकाचे दोन तुकडे शेजारी शेजारी असतात. ऊब एकावरून दुसऱ्यावर सरकली की किंचित वीज तयार होते. दोघांवर सारखीच पडली तर हिशेब शून्य. म्हणूनच आडवा जाणारा माणूस त्याला चटकन कळतो आणि सरळ अंगावर चालून येणारा उशिरा. वायरमनने सेन्सर दाराच्या बरोबर समोर ठोकला असेल, तर घरात शिरताना दिवा का रेंगाळतो याचं उत्तर तिथंच आहे. बाजूच्या भिंतीवर घ्यायला सांगा.

घुमटी म्हणजे नुसतं झाकण नव्हे, ती भिंगांची जाळी आहे. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसाने दीपगृहासाठी शोधलेलं हे चपटं भिंग १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआं दीपगृहात बसलं. तिथं ते उजेड समुद्रात फेकायचं, इथं आपली ऊब गोळा करतं. तेही काचेचं नसून प्लॅस्टिकचं, कारण साधी काच हे किरण आत सोडत नाही. पडदे उघडे असले तरी काचेच्या बंद खिडकीबाहेरच्या माणसामुळे तुमचा दिवा लागत नाही, तो त्यामुळेच.

वैशाखात माणूस गायब

आपल्या त्वचेचं तापमान ३३-३४ अंशांच्या आसपास असतं. एप्रिल-मे महिन्यात पनवेलमधल्या घरांच्या पश्चिमेकडच्या भिंतीही दुपारी तितक्याच तापतात. मग भिंत आणि तुम्ही यात फरक काय? सेन्सरच्या लेखी काहीच नाही! गंमत अशी की भिंत आणखी तापली की माणूस पुन्हा दिसू लागतो, फक्त आता गार ठिपका म्हणून. पनवेल ज्या रायगड जिल्ह्यात येतं, तिथल्याच भिऱ्यात २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंशांची नोंद झाली होती. त्या दिवशी तिथल्या उघड्या ओसरीवर पीआयआर लावला असता, तर घरमालक चालताबोलता बर्फ वाटला असता.

भिंतीवरची पाल मात्र अशा सेन्सरला सहसा चकवते, कारण तिचं अंग भोवतालच्या हवेइतकंच असतं. ती थेट घुमटीवरच येऊन बसली तर गोष्ट वेगळी.

चापडा आणि डास, दोघांचं एकच यंत्र

ऊब टिपण्याची ही युक्ती प्राण्यांकडेही आहे. सह्याद्रीच्या रानात पावसाळ्यात हिरवागार चापडा साप दिसतो. त्याच्या डोळा आणि नाकपुडीच्या मधे एक खळगी असते, तिच्यात ताणलेला पातळ पडदा असतो. उंदराची ऊब पडली की तो लगेच तापतो. या गटातल्या सापांमध्ये हे काम टीआरपीए१ नावाचं प्रथिन करतं, असं २०१० मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आलं. उष्णता कशी जाणवते यावरच्या कामासाठी त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं.

आणि २०२४ मध्ये कळलं की डेंग्यूचा डासही अवरक्त किरण ओळखतो, सुमारे ७० सेंटिमीटरवरून, मिशांच्या टोकांनी. प्रथिन कुठलं? तेच, टीआरपीए१! पण डास आपल्या घुमटीपेक्षा हुशार आहे. नुसत्या उबेला तो भुलत नाही. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि घामाचा वास जुळला की मगच तो शोधाला जोर लावतो, आणि त्यात ऊबही असली तर हा जोर दुप्पट होतो. एका सेन्सरवर विसंबू नका, दोन-तीन एकत्र जोडा, असं स्मार्ट होमवाले आज सांगतात. डासाला हे कुणी शिकवावं लागलं नाही.

वाघांचा हजेरीपट

जंगलातले कॅमेरा ट्रॅपही आपल्या घुमटीच्याच जातीचे, ऊब हलली की फोटो. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते. त्यांनी साडेतीन कोटींच्या जवळपास फोटो काढले. वाघाचे निघाले ७६,६५१. बाकी हरणं आणि रानातले इतर प्राणी. गिनीज बुकात या मोहिमेची नोंद झाली. घरातला सेन्सर विनाकारण लागला म्हणून वैतागणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लावावा.

श्वास मोजणारी पिढी

ध्यानाला बसलेला, पेपर वाचणारा, सोफ्यावर लवंडलेला माणूस पीआयआरच्या हिशेबी घरात नसतोच. त्यावर उतारा म्हणून मिलिमीटर लहरींचा रडार आला. तो २४ किंवा ६० गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतो आणि परत येणाऱ्या लहरीतला फरक मोजतो. श्वासागणिक छाती काही मिलिमीटर वरखाली होते, तेवढं त्याला पुरतं. मिनिटाला १२ ते २० श्वास घेणारा माणूस म्हणजे त्याच्यासाठी ठळक हालचाल!

६० गिगाहर्ट्झची लहर ५ मिलिमीटरची असते. एवढ्या आखूड लहरी कलकत्त्यात जगदीशचंद्र बोसांनी १८९० च्या दशकातच तयार केल्या होत्या. आणि २०१९ मध्ये गुगलचा पिक्सेल ४ फोन भारतात आलाच नाही, कारण त्यातला हाताचे इशारे ओळखणारा छोटा रडार याच ६० गिगाहर्ट्झवर चालायचा आणि तो पट्टा इथं वापरायला परवानगी नव्हती. बोसांनी कपाळावर हात मारला असता.

रडारने ठोका ओळखण्याचं काम कधीकधी गंभीरही असतं. २०१५ च्या नेपाळ भूकंपात नासाच्या 'फाइंडर' या यंत्राने सुमारे १० फूट ढिगाऱ्याखालच्या चौघांच्या हृदयाची धडधड टिपली. चौघेही वाचले.

पंख्याशी भांडण

आता हा अतिचाणाक्ष रडार पनवेलच्या हॉलमध्ये लावा. वर पंखा फिरतोय. रडार म्हणतो, कुणीतरी आहे! तुम्ही बाहेर गेलात, तरी पंखा चालू म्हणून रडार म्हणणार माणूस आहे, आणि माणूस आहे म्हणून पंखा चालूच राहणार. हे चक्र लाईट गेल्यावरच थांबायचं. उलटसुलट हलणारा पडदा, वाळत घातलेली ओली चादर, गणपतीत पेणच्या मूर्तीमागे लावलेलं फिरतं चक्र, हे सगळे त्याच्या मते घरचेच सदस्य. प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडे कुणी झोपलं असेल, तर तोही यांत धरला जातो. त्यामुळे सेन्सर लावताना त्याला अंतराची हद्द घालून द्यावी लागते आणि पंखा त्या हद्दीबाहेर ठेवावा लागतो. हे काम दुकानदार फार क्वचित सांगतो.

माणसाची चाहूल घेण्याची ही खटपट तशी जुनीच. थेरेमिन नावाचं, हात न लावता वाजणारं वाद्य ऐकलंय? १९२० च्या सुमारास रशियात लेव थेरेमिन या शास्त्रज्ञाच्या हातून, जवळ आलेला माणूस ओळखण्याच्या खटपटीतूनच ते जन्मलं. त्याने लेनिनला वाद्याबरोबर चोर पकडणारी घंटाही दाखवली होती.

राउटरही आता या धंद्यात उतरतोय. माणसाच्या शरीरात बहुतांश पाणी, ते वायफायच्या लहरी शोषतं, म्हणजे कोण कुठं आहे याचा सुगावा राउटरला लागू शकतो. त्यासाठीचं जागतिक मानक २०२५ मध्ये मंजूर झालं. सोय झाली, पण शेजारच्याच्या राउटरबद्दलही थोडा विचार करून ठेवावा.

लाईट आली!

सेन्सरचा खरा वैरी स्विचबोर्डावर असतो. स्मार्ट बल्ब लावलेल्या घरात कुणीतरी सवयीने बटण बंद करतं आणि सगळं ऑटोमेशन तिथंच झोपतं. त्याहून मजेदार म्हणजे पहाटे तीनला गेलेली लाईट परत येते आणि घरातले सगळे स्मार्ट बल्ब एकदम भगभगीत पेटतात. बहुतेक बल्बांच्या ॲपमध्ये 'वीज आल्यावर काय करायचं' अशी सेटिंग असते. पहिल्या पावसाआधी ती बदलून घ्या. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे: आपल्या बोर्डावर बटणांशेजारी प्लगही असतो, म्हणून तिथं न्यूट्रल वायर सहसा मिळते. ब्रिटनमधल्या अनेक जुन्या घरांत ती बटणापर्यंत येतच नाही आणि स्मार्ट स्विच घेऊन बसलेला माणूस भिंत फोडायची की नाही या विचारात पडतो.

बिलाचं काय?

रडार आणि त्याला जोडलेली वायफाय चिप मिळून १ वॅट खातात असं धरा. दिवसरात्र चालू म्हणजे २४ वॅट-तास. एवढ्यात ९ वॅटचा एलईडी बल्ब २ तास ४० मिनिटं जळतो. बाथरूमचा दिवा तुमच्याकडे दिवसाला तासभरच चुकून राहत असेल, तर सेन्सर लावून बिल वाढेल!

पंख्याचंही तसंच. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी मोटरचा २८ च्या आसपास. दिवसाला १२ तास चालला तर नुसता पंखा बदलून ५६४ वॅट-तास वाचतात. सेन्सरने तेवढीच बचत करायची, तर १२ पैकी साडेसात तास पंखा बंद ठेवावा लागेल. मे महिन्यात करून बघा.

पैसे खरोखर वाचतात ते एसीत. रिकाम्या बेडरूममध्ये दीड टनाचा एसी तासभर जोरात चालला की साधारण दीड युनिट जातात. तेवढ्या विजेवर तो १ वॅटचा सेन्सर दोन महिने पोसला जातो.