पहिला बॉल: आधी माप, मग ब्रँड

मॉलमधल्या बोलिंगच्या रॅकवरचा बॉल सरळ जावा म्हणूनच बनवलेला असतो. वरचं आवरण कडक पॉलिएस्टरचं आणि भोकं कुणाचीही बोटं जातील अशी ऐसपैस. तोच घेऊन हुक, म्हणजे शेवटी वळणारा बॉल, शिकायला निघालेली मुलं मनगट पिळून पिळून दुखवून घेतात, ते बघवत नाही. दोष त्यांच्या हाताचा नसतो.

फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत लेन 60 फूट असते. त्यातल्या सुरुवातीच्या साधारण 40 फुटांवर तेल असतं, पुढचा पट्टा कोरडा. फिरत सुटलेला बॉल तेलावरून घसरत जातो आणि कोरड्यावर पकड मिळाली की वळतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याला तो पहिल्या आणि तिसऱ्या पिनच्या मधून आत घालायचा असतो. तिथे 6 अंशांच्या आसपासच्या कोनात शिरलेला बॉल स्ट्राइकसाठी सर्वांत चांगला. सरळ बॉल अगदी कडेने टाकला तरी 2 अंशही गाठत नाही, कारण लेनची रुंदी जेमतेम साडेतीन फूट.

पकड मुख्यतः आवरणातून येते. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन आलं आणि खेळच पालटला. त्याच्या पृष्ठभागावरची सूक्ष्म छिद्रं तेल शोषून घेतात, त्यामुळे कोरड्या पट्ट्यात बॉल जोरात वळतो. म्हणून नवशिक्यालाही सर्वांत जास्त वळणारा बॉल हवासा वाटतो. तो घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. असा बॉल हात चुकला तरी वळतो, मग चूक कळणार कशी? सौम्य रिअ‍ॅक्टिव्ह आवरण आणि आत साधा सममित गाभा, एवढं पहिल्या बॉलला भरपूर झालं. तो हाताने दिलं तेवढंच वळण दाखवतो.

पण खरा पैसा ड्रिलिंगवर, म्हणजे हाताच्या मापाची भोकं पाडून घेण्यावर, खर्च करावा. चांगला ड्रिलर आधी हात बघतो: प्रत्येक बोटाची जाडी, अंगठ्यापासून बोटांपर्यंतचं अंतर, अंगठा किती लवतो ते. हुकसाठी फिंगरटिप पकड घ्यावी. तिच्यात मधलं बोट आणि अनामिका पहिल्या पेरापर्यंतच आत जातात, अंगठा मात्र पूर्ण. सोडताना अंगठा आधी निसटतो आणि मागे राहिलेली दोन बोटं बॉलला फिरवतात. अंगठ्याचं भोक सैल असेल तर आपण नकळत आवळतो, अंगठा अडकतो आणि फिरकी तिथेच मरते. बॉल धरून हात खाली सोडा. मूठ न आवळता तो हातात राहिला पाहिजे. अंगठा दिवसभरात सुजतो, उतरतो. म्हणून जाणते खेळाडू भोकात टेपच्या पट्ट्या लावतात आणि गरजेप्रमाणे एखादी काढतात.

वजनाची कमाल मर्यादा 16 पौंड आहे, पण तिथे पोचायची घाई नको. मापाचा बॉल हाताला हलका लागतो, त्यामुळे रॅकवरच्यापेक्षा एखादा पौंड जास्त सहज पेलतो.

प्रत्येक फेकीनंतर बॉल मायक्रोफायबरच्या फडक्याने पुसावा, नाहीतर आवरण तेल पीत राहतं आणि वळण मंदावतं. वापरलेला बॉल स्वस्तात मिळाला तर जरूर घ्यावा: जुनी भोकं बुजवून आपल्या मापाची पाडता येतात. मात्र पैसे देण्याआधी त्याच्या आवरणाला कुठे चीर गेलेली नाही ना हे उजेडात फिरवून बघावं, आणि जवळपास ड्रिलिंग करून देणारं कोण आहे याचीही चौकशी करून ठेवावी.