पाचवं ताट

रोजच्या जेवणाची मांडणीही सुंदर असावी असं म्हटलं, की लोक विचारतात, ‘का? आज कोणी पाहुणे येणार आहेत?’ चांगली काचेची भांडी, भरतकामाचे रुमाल आपण पाहुण्यांसाठी राखून ठेवतो. ती कपाटातच जुनी होतात. घरच्या माणसांपुढे मात्र काळ्या बुडाची कढई तशीच येते. मला आज बोलायचं आहे ते या घरच्या माणसांच्या जेवणाविषयी.

माझं बालपण सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात गेलं. आमच्या घरी जमिनीवर चटई आणि तिच्यावर दस्तरखान अंथरला जाई. दस्तरखान म्हणजे जेवणासाठी अंथरायचं कापड. ते काही किमती नसे. जाड सुती, लाल छापाचं, धुवून धुवून मऊ झालेलं. त्याचे नियम मात्र पक्के होते. आधी हात धुवायचे. आम्ही पोरं मोठ्यांच्या हातावर पाणी घालायचो, खाली तस्त धरायचो. मग बिस्मिल्ला म्हणून उजव्या हातानं, आपल्या पुढ्यातलं खायचं. दस्तरखानावर पाय द्यायचा नाही. जेवण झालं की चारी कोपरे आत घेऊन तो उचलायचा आणि अंगणात झटकायचा. तिथं चिमण्या वाटच पाहत असत.

ताट कसं वाढायचं, हे मात्र मी शेजारच्या काकूंकडे शिकलो. मीठ वर, मध्यावर. त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. खालच्या बाजूला मध्ये भात, त्यावर वरण. यात नुसती शोभा नाही. आपण उजव्या हातानं जेवतो, तेव्हा पुन्हा पुन्हा लागणारं हाताशी येतं आणि चवीपुरतं लागणारं पलीकडे राहतं. सोय नीट लागली, की शोभा आपोआप येते. तस्त, तबक, सुरई हे शब्द फारसीच्या वाटेनं मराठीत आले आणि दोन्ही घरांत सारखेच नांदले.

आमच्या दस्तरखानात एक उणीव होती. ती लक्षात यायला मला चाळिशी उलटावी लागली.

अब्बा गेल्यानंतर अम्मा शहरात आमच्याकडे राहायला आली. तिचे गुडघे दुखत, म्हणून आम्ही टेबलावर दस्तरखान अंथरू लागलो. पहिल्या रात्री माझ्या पत्नीनं पाच ताटं मांडली. अम्मानं ती मोजली आणि विचारलं, ‘आज कौन आनेवाले हैं?’ आम्ही घरात चौघं. पाचवं ताट तिचंच होतं! जन्मभर ती सगळ्यांचं झाल्यावर चुलीपाशी, उरलंसुरलं घेऊन जेवली होती. तिच्या भाकरीवर मी कविता लिहिल्या होत्या. पण तिला भाकरी खाताना मी कधी नीट पाहिलं नव्हतं.

त्या रात्री ती बसली खरी, पण तीनदा उठली. एकदा मिठासाठी, एकदा पाण्यासाठी, एकदा भाकरीसाठी. तेव्हा मला कळलं, की मांडणी म्हणजे सजावट नव्हे. पहिला घास घेतल्यावर कुणालाही उठावं लागू नये, अशी तयारी म्हणजे मांडणी.

तेव्हापासून आमच्याकडे क्रम ठरला आहे. आधी टेबलावरची औषधं, वर्तमानपत्रं, मोबाईल उचलायचे. धुतलेलं कापड अंथरायचं. ताटं मोजून मांडायची, पेले भरायचे, पाण्याचा तांब्या जवळ ठेवायचा. कढईतली भाजी स्वच्छ भांड्यात काढायची. वाढायचा चमचा त्यातच ठेवायचा. लिंबाच्या फोडी, कांदा, शेंगाची चटणी छोट्या वाट्यांत. पांढऱ्या ज्वारीच्या भाकरीशेजारी लाल चटणी आणि हिरवी मिरची आली, की निराळी सजावट लागत नाही. यासाठी नवी भांडी घ्यावी लागली नाहीत. स्टीलची घासलेली ताटं पुरली.

एका गोष्टीवर मात्र आम्हांला पाणी सोडावं लागलं : तव्यावरची गरम भाकरी. ती हवी, तर कुणीतरी तव्यापाशी उभं राहणार, आणि ते कोण, हे सांगायला नको. आता भाकऱ्या आधी होतात, कापडात गुंडाळून डब्यात राहतात. वाफ धरून मऊ राहतात. शिवाय आमच्या सोलापूरकडे कडक भाकरी आहेच. तिला तव्याची घाई नसते.

एकत्र बसू लागल्यावर मला कळलं, की अम्मा भाकरीबरोबर आधी कांदा खाते, आणि चटणीत तिला तिखट कमी लागतं. तिच्या हातची तिखटजाळ चटणी आम्ही इतकी वर्षं खाल्ली, ती आमच्या आवडीची होती.

अजूनही ती जेवता जेवता उठायला बघते. माझी मुलगी तिचा पदर धरून तिला खाली बसवते.

आज रात्री तुम्ही जेवायला बसाल, तेव्हा आधी ताटं मोजा. मग घरातली माणसं मोजा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)