जुन्या मोटरबोटीच्या पोटातलं लाकूड

मिनेसोटातल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर ‘१०,००० तळी’ असं लिहिलेलं असतं. खरी संख्या त्याहून जास्तच आहे. इथल्या लेक पेपिनवर १९२२ साली राल्फ सॅम्युएलसन हा अठरा वर्षांचा मुलगा पायांना फळ्या बांधून बोटीमागे पाण्यावर उभा राहिला आणि वॉटर-स्कीइंगचा खेळ जन्माला आला. लिटल फॉल्स गावात लार्सन कुटुंबाने बोटींचा कारखाना काढला. आधी लाकडाच्या आणि पुढे फायबरग्लासच्या बोटी तिथे बनू लागल्या. त्यामुळे या राज्यात घरोघरी बोट असणं ही श्रीमंतीची खूण कधीच नव्हती. ऑक्टोबरात थंडी पडू लागली की तळ्यांतल्या बोटी ट्रेलरवर चढून घराकडे निघतात. त्यांतल्या काही मात्र पुढच्या मे महिन्यात पाण्यावर परतत नाहीत. अंगणाच्या कोपऱ्यात, निळ्या ताडपत्रीखाली, त्या वर्षानुवर्षं पडून राहतात आणि एके दिवशी त्यांच्यावर ‘फुकट’ अशी पाटी लागते.

अशी पाटी पाहून हात शिवशिवणारी बरीच मराठी मंडळी मला इथे भेटतात. घरी सुतारकाम पाहिलेलं असतं, इंजिनिअरिंग शिकलेलं असतं आणि पाण्याची ओढ असते. त्यांच्यासाठी आणि कुतूहल म्हणून वाचणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. अशी बोट नवशिक्याला दुरुस्त करता येते, याबद्दल मला शंका नाही. पण तिच्यात काय बिघडलंय आणि ते कशामुळे, हे समजल्याशिवाय ग्राइंडर हातात घेऊ नये.

फायबरग्लासमधले काचेचे तंतू १९३० च्या दशकात ओहायो राज्यात मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. ओवेन्स-कॉर्निंग कंपनी १९३८ मध्ये उभी राहिली, आणि त्याच राज्यातल्या टोलेडो शहरात रे ग्रीन यांनी १९४२ च्या सुमारास काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिन यांची छोटी होडी घडवली. महायुद्ध संपल्यावर या तंत्राने बोटींचा धंदा पालटला. साच्यात आधी रंगीत जेलकोट फवारायचा, त्यावर रेझिनमध्ये भिजवलेले काचतंतूंचे थर चढवायचे, सुकलं की कवच बाहेर काढायचं. लाकडी बोट बांधायला निष्णात सुतार लागे. फायबरग्लासची बोट महिनाभराच्या शिकवणीवर तयार झालेला कामगारही घडवू शकत होता. कुजण्याची, वाळवीची, फळ्यांच्या सांध्यांची काळजी संपली, असं गिऱ्हाइकांना सांगितलं गेलं. १९५८ मध्ये डिक फिशर यांची तेरा फुटी बॉस्टन व्हेलर आली. तिच्या दोन कवचांमध्ये फोम भरलेला होता. १९६१ मध्ये ‘लाइफ’ मासिकात तिची छायाचित्रं आली : बोट करवतीने मधोमध कापली तरी तरंगतेच आहे आणि फिशर आत निवांत बसले आहेत. १९७३ च्या जेम्स बाँडपटात ग्लॅस्ट्रॉन कंपनीच्या बोटीने ११० फूट उडी घेतली. फायबरग्लास अमर आहे, असा लोकांचा समज झाला तर त्यात नवल नव्हतं.

कवचाबाबत तो समज बराचसा खराही आहे. पन्नास वर्षांपूर्वीची कवचं आजही धड सापडतात. पण नुसतं कवच वाकतं. त्याला ताठ ठेवायला कारखान्यांनी आत स्वस्त आणि मजबूत अशी वस्तू घातली : प्लायवूड. बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीला ट्रान्सम म्हणतात. तिच्यात साधारण पाऊण इंची प्लायवूडचे दोन थर चिकटवून दीड इंच जाडी केलेली असते, कारण बाहेर लटकणारं शंभर-दीडशे किलोचं इंजिन आणि त्याचा सगळा रेटा तिलाच पेलायचा असतो. तळाशी पुढून मागे लांब तुळया जातात, त्या स्ट्रिंगर. त्यांच्यावर पाय ठेवायची फळी, म्हणजे डेक. या तिन्ही ठिकाणचं लाकूड वरून फायबरने मढवलेलं असल्यामुळे दिसत नाही. गिऱ्हाइकाला दिसतो तो फक्त चकचकीत जेलकोट.

आता पाणी आत कसं जातं ते पाहा. ट्रान्समला तळाशी पाणी सोडण्याचं भोक असतं. मासे शोधणाऱ्या यंत्राचा सेन्सर बसवायला कुणीतरी दोन स्क्रू मारलेले असतात. दोर बांधायच्या कड्या असतात, शिडी असते. यांतल्या एकेका भोकाच्या कडेचं लाकूड उघडं राहिलेलं असतं. थेंब थेंब पाणी आत शिरतं आणि फायबरच्या आवरणामुळे वाळत मात्र नाही. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या आत असेल तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. ३० टक्क्यांच्या आसपास पोचला की तिला रान मोकळं मिळतं. मिनेसोटाच्या हिवाळ्यात ती मरत नाही, झोपते. वसंतात पुन्हा जागी होते. खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचं आणि तळ्याचं गोडं पाणी तिला अधिक मानवतं. म्हणून समुद्रात फिरलेल्या बोटीपेक्षा ताडपत्री फाटलेली, अंगणात पडून राहिलेली बोट आतून जास्त खराब निघते.

याच कारणासाठी ‘लाकडावर फायबर मारला की झालं’ ही समजूत मला घातक वाटते. कोकणातही जुन्या लाकडी होड्यांवर फायबर चढवतात. लाकूड कोरडं आणि आधी नीट प्रक्रिया केलेलं असेल तर ते उत्तम टिकतं. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने रबराच्या झाडाचं स्वस्त लाकूड वापरून अशा होड्या तयार केल्या, तेव्हा लाकडाला आधी कीड-बुरशीरोधक औषध दिलं आणि मगच वर फायबर चढवला. ओल्या लाकडावर आवरण चढवलं तर ओल आत कोंडली जाते.

बोट घेण्याआधीची तपासणी सोपी आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. छोट्या हातोडीने ट्रान्समवर ठिकठिकाणी ठोकत जा. सुकं, घट्ट लाकूड टणक आवाज देतं, कुजलेलं मंद आणि बसका. इंजिनाच्या खालच्या भागावर हाताने जोर द्या आणि ट्रान्सम हलतो का ते बघा. डेकवर चाला, पाय कुठे दबतो ते लक्षात ठेवा. खात्री करायची असेल तर मालकाच्या परवानगीने आतल्या बाजूने, खालच्या अंगाला, ड्रिलने बारीक भोक पाडा. पिवळसर कोरडा भुसा निघाला तर आनंद. काळपट ओला चोथा निघाला तर आतलं सगळं बदलावं लागणार. एक जागा कुजली आणि बाकीचं ठणठणीत, असं क्वचितच घडतं. कागदपत्रंही तेव्हाच पाहावीत. १ नोव्हेंबर १९७२ नंतरच्या अमेरिकन बोटींवर मागे उजव्या बाजूला बारा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक कोरलेला असतो. तो मालकीपत्राशी जुळला पाहिजे.

भोकं पाडून आत पातळ एपॉक्सी रेझिन ओतलं की कुजलेलं लाकूड दगडासारखं होतं, असं सांगणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. ओल्या चोथ्यात रेझिन शिरत नाही, आणि शिरलं तिथेही गेलेली ताकद परत येत नाही. इंजिनाचा भार पेलणाऱ्या ट्रान्समबाबत ही तडजोड जिवावर बेतू शकते.

खरं काम तोडण्यापासून सुरू होतं, आणि इथेच सर्वांत जास्त संयम लागतो. स्ट्रिंगर कापले की कवचाचा कणा जातो आणि तळ स्वतःच्या वजनाने बसू शकतो. मागच्या भागात तळाला आत गेलेला बाक राहिला तर बोट वेग घेताना नाक पाण्यात खुपसते. म्हणून आधी बोट सपाट जागी, तळाला ठिकठिकाणी आधार देऊन ठेवायची, लांबीत दोरी ताणून तळ सरळ आहे ना ते पाहायचं, वरचा भाग शक्यतो न काढता आडवे टेकू मारायचे. स्ट्रिंगर एकेक करून बदलायचे. प्रत्येक मापाची नोंद ठेवायची : स्ट्रिंगरची उंची, दोघांतलं अंतर, ट्रान्समची जाडी, उंची आणि कल. हा कल चुकला तर इंजिन चुकीच्या कोनात बसतं. मोबाइलवर भरपूर फोटो काढावेत, पण मापं कागदावरच लिहावीत. डेक कापताना कडेला दोन-तीन इंचांची पट्टी सोडावी, नवी फळी बसवायला तिचा आधार होतो. ट्रान्सम आतल्या बाजूने उघडावा म्हणजे बाहेरचं मूळ कवच शाबूत राहतं.

स्ट्रिंगरच्या मधल्या जागेत फोम सापडतो. नवा असताना घनफुटाला जेमतेम किलोभर वजनाचा हा फोम वर्षानुवर्षं पाण्यात बसून जड झालेला असतो. तेवढ्याच जागेत पाणी असेल तर त्याचं वजन २८ किलो भरतं. यावरून अंदाज करा की अशी बोट किती ओझं मुकाट्याने वाहत असते. हा फोम काढून टाकावा, पण नवा न भरता काम उरकू नये. बोट पाण्याने भरली तरी ती तरंगत राहावी, यासाठी तो असतो. १९७१ च्या कायद्यानंतर अमेरिकेत वीस फुटांखालच्या बहुतेक मोटरबोटींवर कारखान्यांना ही व्यवस्था सक्तीची झाली.

फायबर घासताना उडणारी धूळ काचेची असते. पूर्ण बाह्या, हातमोजे, बंद चष्मा आणि बारीक कण अडवणारा मास्क हवाच. पॉलिएस्टर रेझिनच्या स्टायरिन वाफेसाठी वेगळी, कोळशाची गाळणी असलेला मास्क लागतो. पॉलिएस्टर रेझिन सुकवणारं हार्डनर डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते. काम झाल्यावर थंड पाण्याने अंघोळ करावी, गरम पाण्याने खाज वाढते.

रेझिन कोणतं घ्यावं, यावर इथे तासन्‌तास वाद चालतात. माझं मत असं : स्ट्रिंगर आणि डेकला पॉलिएस्टर पुरतं, कारखान्यानेही तेच वापरलं होतं. ट्रान्समला मात्र एपॉक्सी घ्यावी. ती महाग आहे, पण लाकडाला आणि जुन्या फायबरला ती कितीतरी घट्ट धरते. एक नियम मात्र विसरू नये : सुकलेल्या पॉलिएस्टरवर एपॉक्सी चिकटते, सुकलेल्या एपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट चिकटत नाही. साधी काचमॅट ज्या गोंदाने बांधलेली असते तो स्टायरिनमध्येच विरघळतो, म्हणून एपॉक्सीबरोबर शिवलेलं कापड वापरतात. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर साधारण एक ते दोन टक्के, हवामान पाहून. एपॉक्सीचं प्रमाण मात्र डब्यावर लिहिलंय तेच, त्यात हवामानाप्रमाणे बदल करायचा नसतो. कालवलेली एपॉक्सी डब्यात तशीच ठेवली तर स्वतःच्या उष्णतेने धुमसू लागते. ती लगेच पसरट ट्रेमध्ये ओतावी.

लाकूड चांगलंच घ्यावं. भारतात स्वयंपाकघराच्या कपाटांसाठी आपण जे मरीन प्लाय मागतो त्याचं मानक आयएस ७१०. ब्रिटिश मानक बीएस १०८८. दोन्हींत चिकटवायचा गोंद उकळत्या पाण्यालाही दाद न देणारा असतो. पण गोंद टिकला तरी लाकूड कुजतंच, हे ध्यानात ठेवून प्रत्येक कड, विशेषतः कापलेली कड, रेझिनने पूर्ण भिजवावी. पुठ्ठ्याचा नमुना कापून बसवून पाहावा, मगच प्लायवूडला करवत लावावी.

बसवताना लाकूड थेट कवचावर टेकवायचं नसतं. टेकलं की तिथे ताण एकवटतो आणि बाहेर जेलकोटला तडा जातो. रेझिनमध्ये सिलिकाची पूड आणि बारीक तंतू घालून श्रीखंडाइतकी घट्ट लांबी करायची, तिच्या गादीवर स्ट्रिंगर बसवायचा आणि दोन्ही बाजूंच्या काटकोनात तीच भरून गोलाई द्यायची. काचेचं कापड काटकोनात वळत नाही, खाली हवा राहते, आणि हवा राहिली की सांधा कच्चा. गोलाईवरून कापडाचे थर चढवत जायचे, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा रुंद. त्याआधी जुना फायबर एसिटोनने पुसून, घासून, पुन्हा पुसलेला असावा. आधी घासलं तर मेण आणि तेल ओरखड्यांत भरतं. पाणी वाहून जायची भोकं ठेवायला विसरू नये, आणि त्या भोकांच्या कडाही रेझिनने बंद कराव्यात.

सगळ्यात शेवटी स्क्रू. ही पायरी कंटाळून उरकली जाते आणि इतकं सगळं केलेलं तिथेच वाया जातं. योग्य पद्धत अशी : हवं त्यापेक्षा मोठं भोक पाडा, ते घट्ट एपॉक्सीने भरा, सुकल्यावर तिच्या मधोमध नेमक्या मापाचं भोक पाडा आणि सीलंट लावून स्क्रू बसवा. पाणी आलंच तर त्याला एपॉक्सी भेटेल, लाकूड नाही. जुन्या वायरी आणि इंधनाच्या नळ्याही याच वेळी बदलाव्यात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीने पेट घेते.

खर्चाचं स्पष्ट सांगतो. दुरुस्त केलेली बोट विकून घातलेले पैसे सुटत नाहीत. बोट फुकट मिळाली तरी रेझिन, कापड, प्लायवूड, फोम, ट्रेलरचे बेअरिंग आणि इंजिन यांचं बिल होतं. पहिल्या बोटीसाठी चौदा ते सोळा फुटांची, बाहेर इंजिन असलेली, साधी रचना निवडावी. वीस फुटी, आत इंजिन असलेली बोट पहिल्यांदा घेऊ नये. तरीही मी लोकांना या कामासाठी प्रोत्साहन देतो, कारण फायबरग्लास वितळवून पुन्हा वापरता येत नाही. टाकलेली बोट सरळ कचऱ्याच्या मैदानात जाते, आणि तिचं कवच अजून कित्येक वर्षं चाललं असतं.

तुमच्या घरी चालती बोट असेल तर यंदाच्या हिवाळ्यापूर्वी एवढं करा : ट्रान्समवरचा प्रत्येक स्क्रू एकेक करून काढा, भोक कोरडं आहे का ते पाहा, सीलंट भरून पुन्हा बसवा. तळाचं बूच काढून ठेवा आणि बोटीचं नाक थोडं वर राहील अशी ती उभी करा.