ऐकणे हीच साधना

चोपड्याहून तापी ओलांडली की अमळनेर. वैशाखात इथे सखाराम महाराजांच्या यात्रेने बोरीचे पात्र गजबजते. याच गावात उद्योगपती प्रताप शेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभारले. नाव मंदिर, पण काम अभ्यासाचे! वेदान्त वाचायचा आणि त्यावर खल करायचा.

ही रीत मुळात उपनिषदांची. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला श्रवण, मनन, निदिध्यासन हा क्रम सांगतो. आधी नीट ऐकायचे, मग शंका काढून पारखायचे, पटलेले मनात मुरवायचे. अद्वैतात पूजा-कर्मे चित्तशुद्धीपुरती, ज्ञान विचारानेच. समर्थांच्या दासबोधातही नवविधा भक्तीची सुरुवात श्रवणानेच होते. नुसती मान डोलावणे मात्र यात बसत नाही.

अमळनेरच्या या मंदिराकडेच पाहा. १९३३ साली इथल्या मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांचे ‘अज्ञान’ हे इंग्रजी पुस्तक निघाले. विषय एक, बाजू मात्र प्रत्येकाने आपापली मांडली. सहकाऱ्याचे नीट ऐकल्याशिवाय असे पुस्तक होत नाही.

त्याआधी साने गुरुजीही इथे शिकायला होते. १९२४ पासून ते गावातल्याच शाळेत शिकवू लागले.